छोट्या खोलीतली नवी वायर

माझा माझ्या भावावर विश्वास नव्हता, असं कोणी म्हणू नये. विश्वास माझा कोणावरच नसतो. इंग्लंडातल्या ओल्डहममध्ये वीजसामानाच्या दुकानाच्या काउंटरवर मी उभा जन्म काढला आहे. माणूस दारातून आत आला की मला कळायचं, हा नवी वायर घ्यायला आलाय की वापरलेली परत करायला. अशा नोकरीत स्वभाव गोड राहत नाही. ज्यांचा राहतो त्यांना लोक टोप्या घालतात.

तर कर्स्टीचं घर. कर्स्टी माझी लेक, सातवा महिना लागलेला. तिचा नवरा रायन छपरांची कामं करतो. पोरगा चांगला, पण भोळसट. कोणीही काहीही सांगावं आणि यानं मान डोलवावी. माझ्या घरामागं आमचं जुनं गॅरेज होतं, ते पाडून दोघांनी तिथं लहानसं दुमजली घर बांधायला काढलं. भिंती झाल्या, छप्पर चढलं, आणि विजेचं काम आलं डेझकडे.

डेझ माझा थोरला भाऊ. जन्मभर वायरिंगच केलं त्यानं, आता निवृत्त. "कर्स्टीच्या घराला दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही," असं म्हणाला तेव्हा पोरीचे डोळे भरून आले. माझे काही आले नाहीत. मी म्हटलं, बघू.

एका दुपारी मी चिप्स आणि कुस्करलेले मटार घेऊन तिकडे गेले. डेझ खालच्या खोलीत गुडघ्यावर बसून काम करत होता. भिंतीतल्या डब्यांमधून वायरींची सोललेली टोकं बाहेर डोकावत होती. एक लाल, एक काळी. दुसऱ्या डब्यात बघितलं, तिथंही लाल आणि काळी. स्वयंपाकघरात, जिन्यात, सगळीकडे तेच.

आता आमच्याकडे लाल-काळी वायर बंद होऊन वीसेक वर्षं झाली. वीज आणणारी फेज तपकिरी, परत नेणारी न्यूट्रल निळी, हा आताचा नियम. रंग बदलले तेव्हा मी काउंटरवरच होते, त्यावरून झालेली भांडणं मी सोडवलीत. आणि माझ्या लेकीच्या कोऱ्या घरात हा माणूस लाल-काळी घालत होता! नव्या बाळाला दुसऱ्याचा जुना लंगोट बांधावा तसं.

"डेझ, हे काय आहे?"

"वायर."

"ते दिसतंय मला. कुठल्या जमान्यातली?"

"माझ्या गॅरेजात कोरी बंडलं पडून होती. एकदाही वापरलेली नाहीत. तांबं आहे गं आत, तांबं काही शिळं होत नाही."

"आणि रायननं नवी आणून दिली ती?"

"आहेत."

"आहेत म्हणजे कुठं आहेत?"

"लॉरेन, चिप्स गार होतायत."

असं आहे बघा. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

तो उलट्या बादलीवर बसून खायला लागला. पँट वर सरकली आणि माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात निळा.

"अरे, मोजे तरी बघून घालत जा! मॉरीन गेली म्हणून काय सगळंच सोडून द्यायचं?" मॉरीन म्हणजे त्याची बायको, तीन वर्षं झाली तिला जाऊन.

"फॅशन आहे हल्ली."

"सदुसष्टाव्या वर्षी?"

"आमच्यात उशिराच येते फॅशन," म्हणाला आणि चिप्सवर ओतायचं व्हिनेगर समजून माझ्या चहाचा कप उचलला. मी त्याच्या हातातून ओढून घेतला. मस्करी करतोय वाटलं. विषय बदलायची ही त्याची जुनी खोड.

निघताना दारातून वळून बघितलं तर तो वायरीचा एक तुकडा घेऊन खिडकीशी उभा होता. उजेडात धरून, डोळ्यांजवळ नेऊन निरखत होता. मी बघतेय हे कळताच त्यानं तुकडा खिशात कोंबला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुसऱ्या दिवशी त्याची ताटली परत द्यायचं निमित्त काढलं. तो कामावर होता हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर गेले. त्याच्या गॅरेजची किल्ली कुंडीखाली असते, सगळ्या गल्लीला माहीत आहे. आत मॉरीनच्या जुन्या पडद्याखाली रायननं आणलेली नवी बंडलं होती. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. झाकून ठेवलेली! ज्याला काही लपवायचं नाही तो झाकून कशाला ठेवेल? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाचीच्या घरात अडगळ खपवायची आणि नवा माल गुपचूप विकायचा, हा धंदा. काउंटरवर असले कितीतरी बघितले होते मी. आपल्या घरातला असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला होते. मी रोस्ट केलं होतं, भरपूर ग्रेव्ही. डेझनं पहिला घास घेतला आणि मी तोंड उघडलं.

"रायन, तू आणलेली वायर बरी निघाली का रे?"

"हो, म्हणजे... डेझमामांनाच विचारा ना."

"मामांना काय विचारायचं? मामांनी ती प्लॅस्टिकसुद्धा न फोडता पडद्याखाली झोपवून ठेवलीय. मी डोळ्यांनी बघून आले. तुमच्या घरात काय घातलंय माहितीय? आजोबांच्या जमान्यातली लाल-काळी."

"आई!" कर्स्टी ओरडली. "तू त्यांच्या गॅरेजात शिरलीस?"

"शिरले. आणि पुन्हा शिरेन. छोटी खोली राहिलीय ना अजून? बाळाची? तिथं तरी नवी वायर पडू दे. का तीही विकायचीय, डेझ?"

डेझनं सुरी-काटा खाली ठेवला. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता ताटाकडे बघत राहिला.

"विकायची नव्हती गं," म्हणाला. "पण तुला नवी हवी तर नवी घालतो."

"मला नाही, बाळाला हवी."

"बाळाला," तो म्हणाला.

सोमवारी मी स्वतः त्याच्या गॅरेजातून नवं बंडल काढलं आणि जिना चढून छोट्या खोलीत नेऊन ठेवलं. वर स्टूल टाकून बसले. पहारा म्हणा हवं तर. आभाळ भरून आलं होतं, खोलीत मळका उजेड. डेझ इतका हळू काम करत होता की मला वाटलं, राग काढतोय. प्रत्येक टोक खिडकीशी न्यायचा, परत आणायचा, हात थांबायचा.

"रुसलास का?"

"नाही."

"मग हात चालव की."

एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता. "लॉरेन," म्हणाला, "जरा..." आणि मग "काही नाही," म्हणून परत वळला. मी म्हटलं, बरोबर, आता काय बोलणार! तपकिरी आणि निळी टोकं डब्यातून छान डोकावत होती. बघून माझा जीव निवला.

पुढं गिलावा झाला, रंग झाला. बाळाच्या खोलीला कर्स्टीनं फिकट पिवळा रंग निवडला. आता राहायला जायच्या आधी नोंदणी असलेल्या माणसानं सगळं तपासून सही करावी लागते, आणि डेझ निवृत्त. त्यामुळं तारिकला बोलावलं. तारिक आमच्या दुकानात यायचा तेव्हा कॉलेजात होता, आता स्वतःची व्हॅन आहे.

मी त्याला दारातच गाठलं. "खालच्या मजल्यावर जुनी लाल-काळी घातलीय. एक जागा सोडू नकोस. चूक सापडली की आधी मला सांग."

"सांगतो, आंटी."

"आणि मी तुझी आंटी नाही."

"बरं, आंटी."

तो आपलं यंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला. मी मागोमाग. स्वयंपाकघर झालं, बैठक झाली, जिना झाला. प्रत्येक ठिकाणी मी विचारायची, "काय?" आणि तो म्हणायचा, "उत्तम." शेवटी खाली मेन बोर्डाचं झाकण लावताना म्हणाला, "कोणी केलंय हे? असं नीटनेटकं काम हल्ली बघायला मिळत नाही. जुने रंग आता नव्या कामात घालू नयेत, ते मी कागदावर लिहीन. बोर्डावर एक चिठ्ठी चिकटवतो, की घरात दोन्ही रंगांच्या वायरी आहेत, म्हणजे पुढं कोणाचा घोटाळा नको. पण यात धोका काहीच नाही."

खरं सांगते, मी हिरमुसले. माझ्याच लेकीचं घर धडधाकट निघालं आणि मी हिरमुसले!

वर फक्त छोटी खोली राहिली होती. "तिथं नवी वायर आहे," मी म्हटलं. "ती मी स्वतः उभी राहून घालून घेतलीय. ती नाही बघितलीस तरी चालेल."

"बघायला लागतंच," तारिक म्हणाला.

आम्ही वर गेलो तर कर्स्टी तिथं आधीच पोचली होती. हातात सशांची चित्रं असलेली दिव्याची शेड, एक पाय स्टुलावर. बल्ब काढून ती शेड अडकवायची होती तिला.

"उतर खाली, एवढं पोट घेऊन!" मी ओरडले.

"बटण बंद केलंय गं आई. दोन मिनिटांचं काम."

"ताई, हात लावू नका," तारिक म्हणाला. आवाज चढवला नाही, पण कर्स्टीचा पाय स्टुलावरून आपोआप खाली आला.

त्यानं बटण पुन्हा तपासलं. बंदच होतं. मग स्टुलावर चढून बल्ब काढला आणि होल्डरला यंत्र टेकवलं. यंत्राचा दिवा लागला.

"बटण बंद आहे, पण होल्डरमध्ये वीज आहे," तो म्हणाला. "वायरी उलट्या जोडल्यात. बटण न्यूट्रल तोडतंय, फेज तशीच जिवंत." मग त्यानं खोलीतले दोन्ही सॉकेट बघितले. "हा बरोबर आहे. हा उलटा. म्हणजे नुसतं अंदाजानं जोडल्यासारखं. खालचं काम ज्यानं केलं त्यानं नसणार हे. दुसरा माणूस होता का?"

मी भिंतीला टेकले. दुसरा माणूस नव्हता. तोच होता, आणि स्टुलावर मी होते. एक तपकिरी, एक निळी. मला चहाचा कप आठवला, खिडकी आठवली, आणि मग मोजे आठवले. देवा रे, मोजे!

मी तशीच निघाले. तारिककडून दोन्ही रंगांचे दोन तुकडे मागून घेतले आणि डेझच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात बसला होता, रेडिओ चालू होता. मी तुकडे त्याच्यासमोर टेबलावर ठेवले.

"यातली निळी कुठली?"

त्यानं तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुढं करून रेडिओ बंद केला.

"कोणाला लागलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कर्स्टीला?"

"नाही रे. कोणालाच नाही. तारिकनं वेळेवर बघितलं."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझा थोरला भाऊ. बाप गेला तेव्हाही मी त्याला असा बसलेला बघितला नव्हता.

"मोतीबिंदू आहे, लॉरेन. दोन्ही डोळ्यांत. तपकिरी, निळा, सगळं एकसारखं मळकं दिसतं. लाल अजून दिसतो. लाल आणि काळा ओळखतो मी. म्हणून म्हटलं, जुन्या वायरीनं तेवढं कर्स्टीचं घर होऊन जाईल. शेवटचं घर. मग सांगणारच होतो."

"त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मी समोर बसले होते ना!"

"तू चोर म्हणालीस," डेझ म्हणाला. "त्यावर आंधळाही आहे म्हणून सांगवेना."

मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. चूक दोघांची होती, पण थोपटत तो होता.

"ऑपरेशन होतं त्याचं," मी डोळे पुसत म्हटलं. "उद्याच फोन करते. आणि तोवर गाडीला हात लावायचा नाहीस, मी नेईन तुला. छोटी खोली तारिक परत जोडतोय."

"बरं."

"आणि हो म्हणून झुलवायचं नाही. येऊन बघेन मी."

"ते माहितीय," तो म्हणाला, आणि थोडासा हसला. मग पाय टेबलाबाहेर काढून माझ्यापुढं धरले. "आज तरी जुळलेत का?"

मी खाली बघितलं.

"नाही रे," मी म्हटलं. "एक निळा आहे."

"कुठला?"

"डावा."

त्यानं वाकून डावा मोजा काढला आणि माझ्या हातात दिला.