तुंब्यातला खाऊ

तेरा दिवस झाले, धुरपदानं मी ठेवलेला एकही खाऊ उघडून खाल्ला नव्हता, आणि तरी तिचं वजन पावभरसुद्धा कमी झालं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथे.

धुरपदा ही आमची पाचवी चिंपांझी. बुऱ्हाणपूरजवळ दापोऱ्याच्या पुढे केळीच्या बागा संपतात आणि जमीन तापीकडे उतरायला लागते, तिथे आमचं अभयस्थान आहे. कुणी सर्कशीतून सुटलेली, कुणी हौशी श्रीमंताच्या बंगल्यातल्या पिंजऱ्यातून. सगळ्यांची नावं उखर्डूकाकांनी ठेवली आहेत. ते इथले सगळ्यात जुने राखणदार. मोठा नर चंदन, त्याची जोडीदारीण मालू, आडदांड गोटू, आणि सगळ्यात लहान सुपडू. सुपडू आला तेव्हा इतका अशक्त होता की काकांनी त्याला आधी सुपात घालून ओवाळलं, मग डॉक्टरांच्या हवाली केलं. "माह्या आंदीची दोन गेली, म्हनून मले उकिरड्यावर लोळवलं होतं. मी जगलो ना? मंग हा बी जगंन." सुपडू जगला. आता तो माझ्या डोक्यावरची टोपी जाळीतून ओढतो.

माझं काम खेळ लावण्याचं. कागदावर त्याला भारदस्त नाव आहे, उखर्डूकाका त्याला 'ताईच्या खोड्या' म्हणतात. जंगलात चिंपांझीचा अर्धा दिवस खाणं शोधण्यात जातो. इथे पुढ्यात ताट ठेवलं की दहा मिनिटांत जेवण संपतं, आणि मग उरलेला दिवस करायचं काय? डुलत बसायचं, अंगावरचे केस उपटायचे. म्हणून मी खाणं लपवते. भोकं पाडलेल्या पाइपात शेंगदाणे, सिमेंटच्या खोट्या वारुळात मध, गोणपाटाच्या गाठीत मेथीच्या काड्या. एकच खेळ आठवड्यात दोनदा लावायचा नाही, हा माझा नियम. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा वाटलं नव्हतं की एक दिवस चाळीस पाइपांना भोकं पाडीन, पण मी हे काम चांगलं करते. मला ते ठाऊक आहे.

केळी मात्र मोजकीच देतो. हे बाहेर कुणाला पटत नाही. "बुऱ्हाणपुरात राहून माकडांले केळी नाही देत?" असं बहादरपूरचे बागाईतदार घड घेऊन दारात उभे राहून विचारतात. आधी सांगावं लागतं की ही माकडं नव्हेत, मग सांगावं लागतं की इतकं गोड त्यांना झेपत नाही. घडाऐवजी आम्ही केळीचे खांब मागतो, फाडायला. आणि वाळलेला पाला. रोज संध्याकाळी पाचही जण त्या पाल्याची गादी करतात, दाबून बघतात, मनासारखी झाली नाही तर उसकटून पुन्हा करतात. माझ्या सगळ्या कुर्त्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. ते जात नाहीत. मी आता घासतही नाही.

धुरपदा सर्कशीत वीस वर्षं होती. आल्यापासून ती कोपऱ्यात पाठ टेकून बसायची. टांगलेल्या पाइपाकडे बघायची, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे.

डॉक्टर हर्षल दर सोमवारी येतात. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, पण बोलतात निकाल दिल्यासारखं.

"मॅडम, दिवाळीच्या आधी सगळ्यांना मोकळ्या आवारात सोडायचंय. तिथे कुणी घास भरवणार नाही. जो शोधेल तो खाईल. हिनं स्वतःहून खाल्लं नाही तर गोटू हिचं सगळं ओढून घेईल, मतलब उपासमारच."

"मग?"

"मग मागच्या खोलीत. एकटीच. पुढच्या सोमवारी ठरवू."

"एकटी किती दिवस?"

"कायमचं, मॅडम. मला पण बरं नाही वाटत."

मागची खोली मी पाहिली आहे. पक्की आहे, हवेशीर आहे, आणि तिथून दुसरं कुणी दिसत नाही. चिंपांझीला एकटं ठेवणं म्हणजे काय ते मी वाचलंही आहे आणि धुरपदाच्या डोळ्यांत पाहिलंही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या आधी तास-दीडतास पोचले. धुरपदाच्या जाळीपाशी खाली वाकले. घरी सोफ्याच्या फटीतून लेकीनं दडवलेला पोळीचा तुकडा हुडकणारी नजर माझी. जाळीच्या खालच्या दांडीला चिकटलेला कण लगेच दिसला. ज्वारीची भाकरी.

उखर्डूकाका झाडू घेऊन उभे होते. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी.

"किती दिवस, काका?"

"आली तवापासून, सकाय-सांज. अर्धी माही, अर्धी तिची."

"मी तेरा दिवस पाइप भरतेय! सगळं लिहून काढतेय!"

"मंग काय करू, ताई? हात काढते ना ती बाहेर. दारात आल्या जिवाले उपाशी ठेवू? आपल्यात असं करतात का?"

"तिचं भलं करताय असं वाटतंय तुम्हाला? सोमवारी तिला मागच्या खोलीत टाकतील. तुमच्या भाकरीपायी."

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "तुमी बी त पोरीच्या मांगं वाटी घेऊन पयतात. मांगं आनली होती ना तिले इथं? साऱ्या आवारात पयल्या तुमी. चंदन बी हासत होता."

ते खरं होतं. माझी भूमी पावणेचार वर्षांची आहे आणि आजवर एकही जेवण ती स्वतःच्या हातानं जेवलेली नाही. मी रोज अकराला आणि एकला सासूबाईंना फोन करते. त्या दिवशीही केला.

"आई, खाल्लं का तिनं?"

"तुझी माकडं जेवली का ते बघ. पोरगी माझ्यावर सोड."

"माकडं नाहीत हो ती."

"बरं, जे असतील ते."

काकांनी भाकरी बंद केली. शब्द दिला आणि पाळला. धुरपदा दोन दिवस जाळीतून हात बाहेर काढून बसली. मी वही घेऊन समोर बसले. दर पाच मिनिटांनी लिहायचं: हात बाहेर. हात बाहेर. हात बाहेर. पातळ खिचडी तेवढी डॉक्टरांच्या सांगण्यावरून देत होतो. पाइपाला तिनं बोट लावलं नाही. काका त्या बाजूनं जाणंच टाळायला लागले. लांबून वळसा घालून पाणी भरायचे.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे गुलाबाई होती. कॉलनीतल्या मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की ज्या घरी जमल्या असतील त्या घरच्या बाईनं झाकलेला डबा वाजवायचा. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. मी लहानपणी याच डब्यासाठी सगळी गाणी पाठ केली होती.

सासूबाईंनी डबा खुळखुळवला.

"गोड का तिखट?" एकीनं विचारलं.

"दोन्ही नाही."

"मुरमुरे!"

"मुरमुरे असे वाजतात का गं? कान आहेत का भजी?"

"शेव! चिवडा! शेंगदाणे!"

भूमी सगळ्यांच्या मधून घुसली, डब्याला कान लावला आणि ओरडली, "फुटाणे!"

बरोबर होतं. महिनाभर खेळांसाठी नेताना माझ्या पिशवीत वाजलेले ऐकलेत तिनं. सासूबाईंनी डबा तिच्या हातात दिला. झाकण घट्ट होतं. तिनं डबा पोटाशी धरला, गुडघ्यात दाबला, दातही लावून पाहिले. मी उठलेच होते. सासूबाईंनी माझी ओढणी धरून खाली बसवलं.

"बस. बघ नुसतं."

"अख्खे फुटाणे आहेत, आई. घशात अडकला तर—"

"मी आहे ना इथं? तूही आहेस. बघ."

झाकण उघडलं, निम्मे फुटाणे फरशीवर सांडले. भूमीनं मूठ भरली, मैत्रिणींना दिले, मग स्वतः एकेक करून, सालं थुंकत, खाल्ले. मी मनात मोजत होते. एकवीस. कुणी तिच्या तोंडाकडे चमचा नेला नव्हता.

मी तिच्याकडे बघत होते आणि मला धुरपदा दिसत होती. सर्कशीत तिला खाणं मिळायचं ते माणसाच्या हातून, खेळ करून झाल्यावर. हातानं न दिलेलं उचललं तर काठी. माझा पाइप सकाळी गुपचूप तिथे टांगलेला. कुणाचा आहे, कुणी दिला, काही पत्ता नाही. तिच्या हिशेबी ती चोरी होती. आणि काकांची भाकरी हातून आलेली, पण उघडी. त्यात करायला काही नव्हतं. तिला हातून दिलेलं, पण बंद असं काहीतरी हवं होतं. आधी वाजणारं.

डबा चालला नसता, पत्र्याची कड लागते. मी त्याच वेळी काकांना फोन लावला. "तुमच्याकडे बियाणं ठेवायचे तुंबे आहेत का हो? वाळलेल्या दुधीचे?"

"आहेत ना, आढ्याला टांगलेले. काहून?"

"सगळे घेऊन या."

शनिवारी सकाळी काका सायकलच्या हँडलला सात तुंबे लटकावून आले. आम्ही ते उकळत्या पाण्यानं आतून धुतले, वाळवले, फुटाणे भरले आणि दाणे काढलेल्या कणसाचं बूच ठोकलं. मी प्रत्येक बूच दोनदा ओढून पाहिलं. चार तुंबे बाकीच्यांना दिले, म्हणजे कुणी हिच्या तुंब्यावर येणार नाही.

"आता हा तुम्ही द्यायचा, काका. तुमच्या हातानं."

"म्या? तुमीच त बंद केलं ना मले."

"द्या. पण उघडून द्यायचा नाही. तिनं कितीही मागितलं तरी."

काका जाळीतल्या खाणं द्यायच्या झडपेपाशी बसले. तुंबा कानाजवळ नेऊन वाजवला, अगदी माझ्या सासूबाईंसारखा. धुरपदाचं डोकं वर झालं. त्यांनी पुन्हा वाजवला. ती उठली. तेरा अधिक चार दिवसांत मी तिला माझ्या समोर पहिल्यांदा इतकी झटकन उठताना पाहिलं. झडपेतून तुंबा घेतला, हुंगला, हलवला, ऐकला. मग जाळीशी आली आणि तो काकांसमोर धरला.

उघड.

"ताई, मागून राहिली ती."

"दिसतंय मला."

"बूच ढिल्लं करू का थोडं?"

"नाही."

"तुमचं काळीज हाय का फत्तर?"

"हात मांडीखाली घ्या, काका."

त्यांनी खरंच दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मीही वही ठेवून दिली आणि माझे घेतले. दोघं शाळेतल्या पोरांसारखे बसलो. धुरपदानं तुंबा काकांपुढे धरला, मग माझ्यापुढे, मग परत काकांपुढे. पंचवीस मिनिटं. काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. मला मात्र शंका नव्हती. कालच मी एक झाकण उघडताना पाहिलं होतं.

पलीकडे सुपडूनं आपला तुंबा पायरीवर आपटला. फटकन आवाज झाला. धुरपदानं मान वळवून बघितलं. आपल्या तुंब्याकडे बघितलं. तो कानाशी नेऊन एकदा वाजवला. मग कोपऱ्यात न जाता ती पायरीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी आपटला. पहिल्यांदा नुसता उसळला. दुसऱ्यांदा चीर गेली. तिसऱ्यांदा फुटाणे चौफेर उडाले.

ती थबकली. काठीची वाट बघत असावी. काठी आली नाही. मग तिनं एक उचलला.

काका ओरडणार होते. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

रविवारी उरलेल्यातला एक तुंबा मी दिला. तिनं माझ्या हातून घेतला आणि मागायला आली नाही. सोमवारी शेवटचा मी न वाजवता, गादीच्या पाल्याखाली ठेवला. डॉक्टर हर्षल माझ्याशेजारी उभे होते. धुरपदानं पाला उसकटला, तुंबा काढला, पायरीवर नेला. गोटू जवळ आला तेव्हा तिनं त्याच्यावर असे दात काढले की डॉक्टरच एक पाऊल मागे सरले.

"मागची खोली?" मी विचारलं.

"पाला ठेवा तिथे, मॅडम. गोडाऊन करा." त्यांनी तिला मोकळ्या आवारात सोडायच्या कागदावर सही केली.

मोकळ्या आवारात सोडून आता तीन आठवडे झाले. तुंबे संपले म्हणून काकांनी कुंपणाला दुधीचे वेल चढवले आहेत, आणि बहादरपूरचे बागाईतदार आता घडाऐवजी तुंबे आणतात. भूमी तिच्या हातानं जेवते. निम्मं अंगावर, निम्मं जमिनीवर, उरलेलं पोटात. मी अकराचा फोन बंद केला आहे. एकचा चालू आहे.

काल काका आवाराभोवतीच्या खंदकाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी सवयीनं हात पुढे केला. धुरपदानं गवतातून मान वर काढली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा गवतात खाली घातली. तिथे मी सकाळी शेंगदाणे पेरले होते.

"वळखत बी नही आता," काका म्हणाले.

"ओळखते, काका. तिला काम आहे."

त्यांची सकाळची अर्धी भाकरी हल्ली उरते. ती मी खाते, ठेच्याबरोबर.