काशीरामाचं ‘व्हय म्हाराजा’

पोटातला कॅन्सर कापून काढला तेव्हा हिराच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिला रडकुंडीला आणलं ते तिच्या भावाने, काशीरामाने.

हिरा तोंडवलीच्या किनाऱ्यावर मासळी विकणारी, जिभेची तिखट. तिची गाठ अगदी सुरुवातीलाच सापडली. गोव्याच्या डॉक्टर प्रिसिलांनी तिला समजावलं, "पेशी वाढताना जनुकांची नक्कल होते. त्यात चुका राहिल्या तर शरीर त्या दुरुस्त करतं. तुमच्या गाठीत ती दुरुस्तीच बंद पडली होती, म्हणून जनुकं अस्थिर झाली."

"म्हणजे जाळा सांदणारोच घरात निजलो!"

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच. पण भिऊ नका. इतक्या लवकर सापडलेल्या अशा गाठी काढल्या की सहसा परत येत नाहीत. तुम्हाला केमोही नको. फक्त रक्ताच्या चाचणीत हा दोष जन्मापासूनचा निघालाय. भावालाही असू शकतो. त्यांना आणा."

काशीरामाला आणायचं म्हणजे काय खायचं काम आहे! वादळात होडी घालणारा गडी, पण सुईचं नाव काढलं की पांढराफटक. "माका काय झाला नाय गो! मी खंय जावचंय नाय," म्हणाला नि माडाखाली जाऊन बसला. त्यांचा बापूस पोटाच्याच दुखण्याने गेला होता. हिराच्या जिवाला घोर लागला.

पण भावाची एक खोड तिला ठाऊक होती. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की मागून "व्हय म्हाराजा!" म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, आणि देवाकडे काय मागितलंय याकडे लक्ष शून्य! देवासमोर दिलेला होकार मात्र त्याने आजवर मोडला नव्हता. हिराने गाऱ्हाणं घालणाऱ्या मंगेशला गुपचूप गाठलं.

सोमवारी सगळे देवळात जमले. मंगेशने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! होडयेक मासो गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिराक बरा ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काशीराम उद्या गोव्याक जावन तपासणी करून घेतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काशीराम एकटाच गरजला. बाकीचे तोंडं दाबून हसत होते.

त्या हसण्याने काशीराम भानावर आला. "हिरा, फटवलंस गो माका!"

गेला बिचारा. दोष त्याच्यातही निघाला. आतड्यात मांसाचा एक बारीकसा कोंब सापडला, तो डॉक्टरांनी कॅन्सर व्हायच्या आधीच काढून टाकला. ते ऐकलं आणि इतके दिवस न रडलेली हिरा पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

"आता दरवर्षी तपासणीला यायचं. कबूल?" डॉक्टर प्रिसिलांनी विचारलं.

काशीरामाने या खेपेला प्रश्न नीट ऐकला. बहिणीकडे पाहिलं, खाटेवरच हात जोडले आणि अख्खा वॉर्ड दचकेल अशा आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"