हरकाम्याची परीक्षा

"साहेब, वायरींना हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की साहेबांनी पुढे केलेला हात मुकाट खिशात घातला. साहेबांवर ओरडायची माझी ही काही पहिली वेळ नव्हती, पण त्या सकाळी माझा जीव खरोखरच टांगणीला लागला होता. घरांचे नकाशे काढणाऱ्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आज दादाच्या नोकरीचा निकाल लागायचा होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ आणि ऑफिसातला सगळ्यात जुना नकाशाकार. सायकलवरून पडला, कंबरेचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळला. हात आणि डोकं शाबूत, त्यामुळे नकाशे तो पडल्यापडल्याही काढायचा. पण ते छापायला ऑफिसातला प्लॉटर लागतो, म्हणजे लांबलचक कागदावर नकाशा उमटवणारं हे धूड. ते लावायला आणि बंद करायला दरवेळी कुणाच्या तरी मिनतवाऱ्या. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, "त्याने घरबसल्या स्वतः मशीन चालवून नकाशा माझ्या टेबलावर आणला, तर खुर्ची त्याची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." साहेब मनाने वाईट नाहीत, पण एकदा बोलले की बोलले.

म्हणून आम्ही हरकाम्या तयार केला. हौशी लोक खेळायला घेतात तसला, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्याला मी विजेच्या स्विचांची पट्टी जोडली आणि त्या पट्टीवर दिवे, पंखा आणि प्लॉटर लावले. मग ऑफिसच्या चॅट ग्रुपमध्ये त्याला रीतसर सभासद करून घेतलं. कुणी 'पंखा चालू' असं लिहिलं की हा पठ्ठ्या पंखा लावणार आणि वर 'झालं' म्हणून कळवणार. प्रोग्राम दादाने लिहिला, वायरी मी जोडल्या आणि भांडलो दोघंही.

"खेळणं आहे नुसतं," मॉडेलवाला म्हणाला. तो आमच्या नकाशांवरून पुठ्ठ्याची घरं बनवतो आणि फुकटची मतं देतो.

"बघच आता," मी म्हटलं आणि ग्रुपवर दादाला लिहिलं, 'हं, कर सुरू.'

घरून दादाचा मेसेज आला: 'दिवे चालू.' टक्! आमच्या बिनखिडकीच्या खोलीत लख्ख उजेड पडला. 'झालं,' हरकाम्याने कळवलं. मग 'पंखा चालू.' पंखा असा गरगरला की मॉडेलवाल्याची कागदी झाडं टेबलावरून उडाली आणि तो त्यांच्यामागे धावत सुटला. मी लाजबीज सोडून टाळ्या पिटल्या.

प्लॉटरची पाळी अजून यायची होती, पण साहेबांना धीर कुठला! त्यांनी स्वतःचा फोन काढला. "मी लिहिलं तर ऐकेल का गं हा?"

"तुमचं सगळ्यांनाच ऐकावं लागतं, साहेब."

त्यांनी एका बोटाने टाइप केलं: 'सगळं बंद.' आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

"वा! वा गं पोरी!" साहेब अंधारातच ओरडले. "आता सगळं चालू!"

मेसेज गेला. पण हरकाम्या ढिम्म. साहेबांनी पुन्हा लिहिलं. मग 'दिवे चालू', मग 'पंखा बंद', मग इरेला पेटून पुन्हा 'सगळं बंद', पुन्हा 'सगळं चालू'. मॉडेलवालाही मदतीला सरसावला आणि त्याने काय काय लिहिलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. फोनच्या उजेडात मी वायरी चाचपत होते. हरकाम्याचा बारका हिरवा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता. म्हणजे तो ठणठणीत होता!

"राहू दे आता," साहेब हळूच म्हणाले. "तू पुष्कळ केलंस." साहेब असे मऊ बोलले, म्हणजे दादाची खुर्ची गेलीच!

तेवढ्यात दादाचा फोन आला. "राउटर कुठे लावलायस?"

"कुठे म्हणजे? पट्टीवर एक जागा मोकळी होती, तिथेच..." मी बोलता बोलता थांबले. ऑफिसचं इंटरनेट ज्याच्यावर चालतं तो राउटर मी हरकाम्याच्याच हातात देऊन बसले होते. सगळं बंद म्हटल्यावर त्या आज्ञाधारक बाळाने राउटरही बंद केला होता. आता त्याला मेसेज पोचणार तरी कसे?

"धन्य आहेस!" दादा खो खो हसत होता. "आणि माझ्या प्रोग्रामला नावं ठेवतेस! जा, भिंतीच्या प्लगमध्ये लाव. मी नकाशा पाठवून ठेवतो."

मी राउटर उपटला आणि भिंतीत खुपसला. जरा वेळ काहीच नाही. आणि मग जो काही धुमाकूळ सुरू झाला! हरकाम्याने साचलेले सगळे मेसेज, एकही न गाळता, ओळीने पाळायला घेतले. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. पंखा फिरला, थांबला, फिरला. झाडं पुन्हा उडाली. फोनवर 'झालं, झालं, झालं' असा पाऊस. "हा माझा! हासुद्धा माझाच!" साहेब प्रत्येक मेसेजला नाचत होते, आणि मॉडेलवाला पुठ्ठ्याच्या घरावर आडवा पडून ओरडत होता, "अहो, आवरा त्याला!"

सगळ्यात शेवटी दादाचा मेसेज होता: 'प्लॉटर चालू.' प्लॉटर घरघरला, कागद पुढे सरकला आणि काळ्या रेघा उमटू लागल्या. आम्ही तिघंही श्वास रोखून बघत राहिलो. अख्खा नकाशा बाहेर आला तेव्हा मी मॉडेलवाल्यालाच मिठी मारली.

साहेबांनी कागद टेबलावर पसरला. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी दादाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काय रे, संडासाचं दार थेट जिन्यावर उघडतंय! माणूस बाहेर आला की सरळ खालच्या मजल्यावर! आणि जिन्याला कठडा कोण काढणार, मी? झोपेत काढतोस का नकाशे? दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठव, सबबी नकोत मला!"

"हो साहेब. पाठवतो साहेब." दादाचा आवाज आनंदाने कापत होता.

हरकाम्यावरून माझ्याशी झालेली भांडणं सोडली तर पडल्यापासून त्याला कुणी रागावलंच नव्हतं. आई, वहिनी, मी, सगळ्या त्याच्याशी इतकं जपून बोलायचो की तोच वैतागायचा. आज त्याची चांगली बिनपाण्याने हजामत चालली होती आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

साहेब माझ्याकडे बघून गोंधळले आणि बोलायचे थांबले.

"थांबलात कशाला, साहेब?" मी डोळे पुसत म्हटलं. "ओरडा की अजून!"