शेवटच्या अक्षराआधी

मी मोर्सची, म्हणजे ठोक्यांतून संदेश धाडणारी, कळ बोलतेय. बोलतेय म्हणजे टकटकतेय, मला दुसरं काही येत नाही. दाबलं की आवाज जातो, सोडलं की थांबतो. एक ठोका आखूड, एक लांब. एवढ्याशा भांडवलावर मी तीस वर्षं गप्पा मारल्या आहेत.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानातला. दुकान माझ्या धन्याचं, कारागीरही तोच. जुन्या बिजागरीची पितळी पट्टी, टेबलाच्या खणाची लाकडी मूठ आणि पेनातली स्प्रिंग, एवढ्यात त्यानं मला उभं केलं. परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, यंत्र स्वतः जोडलं, गच्चीवर लांबलचक तार ताणली. बायकोनं त्याच संध्याकाळी त्या तारेवर टॉवेल वाळत घातला.

"अहो, एका टॉवेलनं तुमचं जग बुडतं का?"

"बुडत नाही गं, पण तार लोंबते ना!"

रोज सकाळी सहाला, दुकानाच्या आधी, आमची रेडिओवर ताईंशी गाठ पडायची. ताईंचं सगळं आयुष्य बोटीवर बिनतारी संदेश पाठवण्यात गेलेलं, आता निवृत्त होऊन समुद्राकाठी राहतात. धन्यानं त्यांना कधी पाहिलं नाही. पण माणसागणिक आवाज वेगळा, तसा कळीवर हातही वेगळा. धनी शेवटचं अक्षर वाजवण्याआधी क्षणभर रेंगाळायचा. ताई ठोक्यांतूनच चिडवायच्या, "तुझं शेवटचं अक्षर दारात चप्पल शोधत बसतं बघ!"

मागच्या वर्षी एका सकाळी त्यांनी विचारलं, "तुझा हात आज असा का येतोय?"

मला आधीच कळलं होतं. त्याच्या उजव्या हाताची बोटं माझ्या मुठीवर थरथरत होती, एकाच्या जागी दोन ठोके पडत होते. चष्म्याचे तिळाएवढे स्क्रू बसवणारा हातच गेला तर काय, या धास्तीनं त्यानं बायकोलाही काही सांगितलं नव्हतं. ताईंना त्यानं कळवलं, "कळ बिघडलीय."

खापर माझ्या माथी फुटलं. त्यानं मला घासलं, स्प्रिंग बदलली. तरी जमेना, तेव्हा नवी चकचकीत कळ विकत आणली आणि मी खणात, संपलेल्या सेलांच्या शेजारी जाऊन पडले. मला राग नाही आला. घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी खापर फोडू द्यावं.

खणातून सगळं ऐकू येत होतं. "कळ नवी, थरथर तीच," ताई म्हणाल्या. "डॉक्टरकडे जाऊन ये. तोवर मी तुला उत्तर देणार नाही."

त्यानं दोनदा हाक दिली. तिकडून चकार शब्द नाही. मग त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा येतेस?"

सगळं ऐकून बायको म्हणाली, "आठ दिवस तुमच्या हातात कपबशी वाजतेय, मी काय बहिरी आहे? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. उठा, शर्ट बदला."

वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. औषधानं थरथर कमी झाली, गेली नाही. आता दुकानात स्क्रू बायको बसवते, आणि "माझ्यापेक्षा सरळ बसवते" असं तो गिऱ्हाइकांना सांगतो.

मग एके दिवशी खण उघडला. त्यानं मला टेबलाच्या डाव्या कडेला पक्कं बसवलं आणि डाव्या हातानं पहिल्यापासून शिकायला लागला. महिनाभर त्यानं ताईंना हाक दिली नाही, मी यंत्राला न जोडता नुसती टकटकत होते. "शाळेत घालू का परत?" बायको विचारायची. तो हसायचा, पण एकदा पुटपुटला, "ताईंना हा हात परक्याचा वाटेल गं."

शेवटी एका सकाळी त्यानं मला यंत्राला जोडलं. पहिलीतल्या मुलाच्या गतीनं ताईंच्या नावाची खूण वाजवली. शेवटच्या अक्षराआधी तो क्षणभर रेंगाळला. हाक मारणारा कोण हे सांगणारी स्वतःची खूण अजून वाजवायची होती, तेवढ्यात ताई मध्येच आल्या.

"चप्पल सापडली का?"

त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पितळेवर पडलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि सावकाश वाजवलं, "सापडली. पण डाव्या पायातली."

मला घडवणाऱ्या हाताचे, आणि आता मला जपणाऱ्या दुसऱ्या हाताचे, माझ्यावर फार उपकार आहेत. सहा वाजत आलेत, ताई वाट बघत असतील. येते मी.