मधाच्या रंगाचं पाणी

भरमूआप्पांनी घमेल्यातल्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं आणि शेवग्याची पानं त्यात हलकेच बुडवली. तोंड धुवायला दारात आलेली त्यांची लेक श्रिया तशीच उभी राहिली. धुकं इतकं दाट होतं, की अंगणातल्या शेवग्याचा शेंडासुद्धा दिसत नव्हता. आप्पा आणि घमेलं तेवढे उरले होते. बाकीचं जांबोटी गाव धुक्यात कुठंतरी वाहून गेलं होतं.

"आप्पा, मीठ कशाला?"

"पानांत अळ्या असत्यात गं. तुझी आई असंच धुवायची. तुला पाठवायची पानं बी मी असंच धुतो."

हसावं की रडावं, श्रियाला कळेना. बेळगावच्या प्रयोगशाळेत ती याच पानांच्या अर्कानं चांदीचे अतिसूक्ष्म कण घडवू पाहत होती. चांदीच्या क्षाराच्या पाण्यात अर्क पडला की ते हळूहळू मधाच्या रंगाचं व्हायला हवं होतं. त्यात पारा मिसळलेलं पाणी टाकलं की रंग उडून जायला हवा होता. गावोगावच्या विहिरींचं पाणी असं तपासायचं तिचं स्वप्न होतं. पण तो रंग उतरला एकदाच, तिनं स्वतः तोडून नेलेल्या पानांतून. पुढं आप्पा बसमधून पानं पाठवू लागले आणि दर वेळी पाणी दुधासारखं पांढरं होऊ लागलं. मीठ आणि चांदी एकत्र आली की दुसरं काय होणार! तिनं भांडी बदलली, रसायनं बदलली. पानं मात्र घरची, म्हणून पुन्हा धुतलीसुद्धा नाहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा. आता मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, या आठवड्यात रंग दाखव, नाहीतर विषय बदल.

पण आप्पांना सांगायचं कसं? आई गेल्यापासून ती त्यांच्याशी फार जपून बोलायची. करपलेल्या भाकरीलाही छान म्हणायची. तिनं आकडी उचलली आणि एक फांदी खाली ओढली.

"ही पानं बरी न्हाईत व्हय?"

"बरी हायत की. जरा जास्त लागत्यात."

"खोटं बोलताना तू खाली बघतीस."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. आप्पा ऐकत राहिले. एकेक पान निथळवून त्यांनी सुपात ठेवलं.

"आईनं मीठ टाकलं असतं, तर तिला काय म्हणाली असतीस?"

"वरडले असते."

"आन् मी काय पाव्हणा हाय?"

आप्पांनी घमेलं उचललं आणि शेवग्याच्या बुंध्याशी नेऊन वाकवलं.

"आप्पा! खूळ लागलंय काय? मिठाचं पाणी बुडात वततायसा? झाड वाळंल की!"

तिचा आवाज धुक्यातून पार रस्त्यापर्यंत गेला. घमेलं तसंच हातात धरून आप्पा हसायला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांच्यावर घरातलं कुणी ओरडलं होतं.