चारशे ड्रोन आणि गावदेवीचा कौल

गव्हाणच्या आनंदाशेठचा तळोज्याला ड्रोनचा कारखाना आहे. भातावर औषध फवारणारे ड्रोन. एका परदेशी सैन्याला आधुनिक व्हायचं होतं, म्हणून त्यांनी एका दलालामार्फत एकदम चारशे मागितले.

"त्या सैन्याचं भात किती एकर आहे, बाबा?" निशाने विचारलं. ती शेठची सून, आणि कारखान्याची इंजिनीअरही.

"गिऱ्हाइकाला असा इचारतात का?"

अडचण वेगळीच होती. शेठचा मुलगा प्रणित मालवाहू जहाजावर नोकरीला, आणि ते जहाज दर महिन्याला त्याच सैन्याच्या समुद्रातून जायचं. तिथे जहाजांवर ड्रोनचे हल्ले सुरू झाले होते.

शेठने गावदेवीला कौल लावायचं ठरवलं. देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सोपं आहे.

"माल विकू का?" पुजारी बुधाजीने विचारलं. डावं पडलं.

"पंख्याचा वारा लागला," शेठ म्हणाले. पंखा बंद केला. पुन्हा डावं.

शेठने थोडा विचार केला. "आता असा इचार, माल नको विकू का?"

डावं पडलं.

"बघ! नको नको म्हणते. म्हणजे विक!"

शेठची बायको हौसा पुढे आली. "आता माझा इचारा. ह्ये ड्रोन माझ्या प्रणितच्या जहाजावर पडतील का?"

बुधाजीने फूल भिजवलं. शेठने त्याचा हात धरला.

"का वो? देवीवर भरोसा नाय?" हौसाने विचारलं.

"प्रणितला आदी उतरवून घेऊ. मंग माल पाठवू."

"जहाजावर बावीस जण आहेत, बाबा," निशा म्हणाली. "बाकीच्या एकवीस बापांना कळवायचं कोणी? तुम्ही की मी?"

शेठने बुधाजीचा हात सोडला नाही. फुलातलं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि दलालाला सांगितलं, "जमनार नाय. आमच्या देवीनं परवानगी दिली नाय."

दलाल अनुभवी होता. त्याने आदराने विचारलं, "मॅडम कोणत्या खात्यात आहेत? आणि त्यांचं किती?"