ऑर्फाबाईंची खानावळ निघाली

रेल्वे आमच्या गावावरून जाणार म्हणून आम्ही आधीच मेजवानी उरकून घेतली होती. मग कंपनीने रूळ टाकले ते दक्षिणेला, पार टेकाडापलीकडे. अमेरिकेतल्या या डाकोटा मुलखात माणसाला रडत बसायला सवड नसते. हिवाळ्यात बर्फ घट्ट झाल्यावर आम्ही लाकडी घरांखाली ओंडके सारले, पुढे बैल जुंपले आणि अख्खं गाव ओढत स्टेशनाकडे न्यायला सुरुवात केली. माझं खोगिरांचं दुकान आधीच तिकडे पोचलं होतं. शेवटी राहिली ती ऑर्फा टटल या विधवा बाईंची खानावळ.

बैल गुंडर हाल्वोर्सनचे. हा नॉर्वेकडचा गडी, दारातून आत येताना वाकावं लागे इतका उंच, आणि बोलायला महा कंजूष.

"बाई, चूल विझवा. घर हलणार," तो म्हणाला.

"तू सावकाश हाक. माझा पाव फुगायला ठेवलाय," आतून उत्तर आलं.

म्हणून चूल पेटती ठेवूनच खानावळ निघाली. आम्ही गिऱ्हाइकंही आतच. प्रत्येक हिसक्याला सूप एकाच्या वाडग्यातून दुसऱ्याच्या मांडीवर जाई. अर्धी वाट सरली आणि अवेळी ऊन तापलं. बर्फ वितळून चिखल झाला आणि खानावळ माळाच्या मधोमध रुतून बसली.

"आता जमीन वाळेपर्यंत काही नाही," गुंडर म्हणाला.

"मग पडदे लावून घेते," बाई म्हणाल्या.

स्टेशनमास्तर प्रुइटने भविष्य वर्तवलं, की त्या चिखलात कुत्रंसुद्धा जेवायला जाणार नाही. पण नव्या गावात दुसरं कुणी रांधणारं नव्हतं. दुपार झाली की सगळं गाव माळ तुडवत निघे, आणि सर्वांत पुढे प्रुइट. बूट बाहेर काढायचे, असा बाईंचा दंडक. परतताना गावचे पाद्री व्हिटकोम एकदा चुकून एका खाणकामगाराचे बूट घालून गेले आणि रविवारभर लंगडले.

वसंत आला, जमीन वाळली, गवत उगवलं. गुंडर रोज येई, टाचेने माती दाबून बघे आणि मान हलवी.

"अजून ओल आहे."

मग आत जाऊन सफरचंद भरून भाजलेल्या गोड ‘पाय’चे दोन तुकडे खाई. पुढे ओल संपली तेव्हा त्याच्या बैलाचा पाय दुखू लागला. कधी डावा, कधी उजवा.

एक दिवस बाईंनी आमच्या सर्वांदेखत त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि विचारलं, "गुंडर, बाहेर धूळ उडतेय. घर का ओढत नाहीस?"

त्याने कप दूर सारला. "तिथं पोचवलं की माझं काम संपलं."

"काम संपल्यावर जेवायला यायची बंदी केलीय का कुणी?"

"बंदी नाही. पण रोज काय निमित्त सांगू?"

तोंडाकडे नेलेला प्रुइटचा काटा हवेतच थांबला.

"निमित्त लागत नाही असंही एक नातं असतं," बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "उद्या बैल आण. आणि दाढी करून ये."

दुसऱ्या दिवशी खानावळ पुन्हा निघाली. पाद्री जेवायला आतच होते. बाई म्हणाल्या, वेळ कशाला दवडायचा. तेव्हा पाद्री दारात उभे राहून लग्नाचा विधी वाचू लागले, बाई खिडकीत, आणि नवरदेव पुढे बैलांसोबत.

गावात शिरताना पाद्री ओरडले, "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

"हो," गुंडर गरजला. उभ्या आयुष्यात तो इतक्या मोठ्याने बोलला नव्हता.

बैलांना थांबवायचा शब्दही तोच. ते जागच्या जागी थबकले. पाद्री हिसक्याने दारातून खाली गवतात पडले आणि खानावळ मुख्य रस्त्याच्या बरोब्बर मधे उभी राहिली.

बैल काही केल्या पुढे जाईनात. बाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. स्टेशन समोर, विहीर जवळ. "इथंच राहू दे," त्या म्हणाल्या.

"आणि रस्ता?" प्रुइटने विचारलं.

"तो बाजूने घ्या की."

प्रुइटने तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाईंनी लग्नाची म्हणून सफरचंदाची ‘पाय’ कापायला घेतली, आणि तो मुकाट्याने बूट काढू लागला.